आईंसाठी वाचलेला जपानी सिनेमा

आमच्या घरात जपानी सिनेमा मराठीत बोलायचा. पडद्यावरची माणसं अर्थात जपानीच बोलत. खाली इंग्रजी अक्षरं उमटत, आणि माझा नवरा ती वाचून लगेच मराठीत सांगत असे. ऐकणाऱ्या एकट्या सासूबाई. रविवारी दुपारची जेवणं झाली, ओटा पुसून झाला, की इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत पडदे ओढले जात. आई दिवाणावर पाय वर घेऊन बसत, तो त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून घेई, आणि मी कडेला भाजी निवडत किंवा कपड्यांच्या घड्या घालत बसे.

त्याला जाऊन आता वर्ष होऊन गेलं आहे. मला लिहायला वेळ लागतो. एका छोट्या मासिकाच्या संपादकांनी हे सिनेमे करणाऱ्या जपानी दिग्दर्शकाच्या कारकिर्दीवर लेख मागितला होता. खरं तर त्यांनी तो माझ्या नवऱ्याकडे मागितला होता. तो गेल्यावर संकोचत मला विचारलं. मी हो म्हटलं. आयुष्यभर ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या बाईला टिपणं काढता येतात. पण टिपणं काढायला बसले की दर वेळी दिवाण येतो, आई येतात, आणि दिग्दर्शक बाजूला राहतात. तेव्हा जसं येतंय तसं लिहिते.

दिग्दर्शकांची ओळख आम्हा दोघांना एकाच संध्याकाळी झाली. तेव्हा नाशिकमध्ये काही हौशी मंडळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा प्रोजेक्टर लावत. पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलायचा, म्हणून सिनेमा सुरू झाला की पंखे बंद. मी ग्रंथालयशास्त्र शिकत होते. तो पाटबंधारे खात्यात नुकताच लागला होता. माझं माहेर पंचवटीतलं, वडील यात्रेकरूंची धार्मिक कार्यं करणारे. त्याचं घर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षं आणि कांद्याचं. आमच्या लग्नाला दोन्ही घरांनी तोंड फिरवलं, मग दमून दमून परत वळवलं. त्या संध्याकाळी मात्र आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो. सिनेमा संपला आणि दिवे लागले, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतला एक उंच माणूस तसाच बसून होता. त्याच्यामुळे मला शेवटी अर्धा पडदाच दिसला नव्हता, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सांगू का मग काय झालं ते?" आणि जिना उतरेपर्यंत त्यानं सगळं सांगितलं. सांगण्याची खोड त्याला तेव्हापासूनची.

पुढे तोच तिथे सिनेमाआधी दहा मिनिटं बोलू लागला. त्यामुळे दिग्दर्शकांचं आयुष्य मला त्याच्या आवाजात, त्याच्याच क्रमानं पाठ आहे.

ते स्टुडिओत लागले ते दिव्यांचे स्टँड उचलायला. बरीच वर्षं त्यांनी उचलण्याचंच काम केलं, मग साहाय्यक झाले, मग एका आजारी दिग्दर्शकाचा अर्धा राहिलेला सिनेमा पुरा करायला दिला आणि तो पोटापुरता चालला. सुरुवातीचे सिनेमे मुके आणि विनोदी. त्यातला एक छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचा. पाऊस पडला की लोक त्याच्याकडे येणार, आणि त्याची स्वतःची छत्री नेहमी दुसऱ्याला दिलेली. त्या काळी जपानमध्ये मूकपट चालू असताना पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून सगळ्या पात्रांचं बोलणं स्वतः करत असे. लोक नटांपेक्षा या माणसांसाठी जात. बोलपट आले आणि या मंडळींचं काम गेलं. आमच्या दिग्दर्शकांनी त्यातल्या एकाला धरून ठेवलं आणि पुढच्या प्रत्येक सिनेमात त्याला एक काम दिलं. न बोलणाऱ्या माणसाचं. कधी स्टेशनवरचा हमाल, कधी पुलावर गळ टाकून बसलेला. तो दिसला की आई म्हणायच्या, "आला बघ मुका."

युद्धाच्या वर्षांत सरकारनं त्यांच्याकडून दोन सिनेमे करवून घेतले. त्याबद्दल ते नंतर कधी बोलले नाहीत. युद्धानंतर त्यांचे चांगले दिवस आले, आणि आमच्या घरात पाहिले जात ते बहुतेक याच काळातले सिनेमे. प्रत्येकात कोणीतरी कोणाचं तरी घर सोडून जातं. एवढंच घडतं. ते सेटवर आले की नटांच्या हातातल्या कागदांवरच्या ओळी खोडायला लागत. जी ओळ म्हणताना नटाचा गळा भरून येईल ती आधी जायची. शेवटी नटांच्या तोंडी हवापाण्याच्या गप्पा तेवढ्या उरत. माझा नवरा प्रोजेक्टरशेजारी उभा राहून हे सांगताना हात हलवून खोडून दाखवायचा. मलाही ते फार आवडायचं. आपल्याला हवं ते न मागणारी माणसं मला सभ्य वाटत. माझं माहेर तसंच होतं.

आईंना ते अजिबात पटत नसे.

सासरे गेल्यावर त्या पिंपळगावहून आमच्याकडे आल्या. तिथे पहाटेपासून माणसांचा राबता, मजूर, टेम्पो, हिशेब. इथे चौथ्या मजल्यावर खिडकीतून समोरच्या इमारतीची वाळत घातलेली धुणी. टीव्हीवरच्या मालिका त्यांनी महिनाभर पाहिल्या आणि सोडल्या. "झोपतानासुद्धा नथ घालती. टोचत नाय का?" असं त्यांचं म्हणणं. मग एका रविवारी तो एकटाच सिनेमा बघत बसला होता, तर त्या येऊन टेकल्या आणि विचारू लागल्या. ही कोण? हा का रुसला? हे काय खातात? तो सांगत गेला. पुढच्या रविवारी त्या स्वतःच म्हणाल्या, "लाव तुझा जपानवाला."

इंग्रजी ओळींत नुसती नावं असतात. मराठीत तेवढ्यानं भागत नाही. कोण कोणाला अहो म्हणणार, कोण अगं म्हणणार, हे ठरवल्याशिवाय वाक्य तोंडातून बाहेरच पडत नाही. आणि आईंना जपानी नावं ध्यानात राहत नसत. त्यामुळे तो पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांची नाती लावून टाकायचा. हा थोरला, हा धाकटा, ही आत्या, ही जाऊ. सिनेमात नातं सांगितलेलं नसलं तरी लावायचा. मूकपटांच्या काळातल्या त्या माणसांविषयी त्यानं आईंना सांगितलं, "बघ, मी करतो ती जपानमध्ये नोकरी होती."

"मग जा तिकडं," आई म्हणाल्या. "इथं तुला चहावर ठेवलाय आम्ही."

एका सिनेमात दोन भाऊ आहेत आणि धाकटा कायमचा ब्राझीलला निघाला आहे. बंदरावर थोरला त्याला विचारतो, मोजे घेतलेस का? धाकटा म्हणतो, घेतले. मग भोंगा होतो. मी हा प्रसंग कितीही वेळा पाहिला तरी गप्प होऊन जाते. आई दिवाणावरून पुढे झुकत. "अरे, मोजे काय विचारतो? पोटाशी धर की त्याला. चालला ना तो." आणि मुलाकडे वळून, "तुझा जपानवाला कधी कोणाच्या घरात राहिला व्हता का? का हॉटेलात वाढला?" त्या सिनेमाचं नाव घरात मोज्यांचा असं पडलं.

आईंचा सगळ्यात आवडता होता रंगाचा. हा सिनेमा काळापांढरा आहे. नदीकाठी कापड रंगवायचा एक जुना कारखाना, मालकीण म्हातारी, आणि तिच्याबरोबर काम करणारी एक मध्यम वयाची बाई. दिवसभर दोघी हौदात कापड बुडवतात, पिळतात, नदीत धुतात, बांबूवर वाळत टाकतात. आता काळ्यापांढऱ्या सिनेमात रंगाऱ्याचा कारखाना हे दिग्दर्शकांनी मुद्दाम केलं की स्टुडिओनं रंगीत फिल्म द्यायला नकार दिला, यावर आमच्या सिनेमा मंडळात दोन तट होते. आईंना तो प्रश्न पडला नाही. माझा नवरा कापड बांबूवर चढलं की रंग सांगत असे. हा निळा. हा डाळिंबी. हा आपल्या कांद्याच्या पातीचा. कुठे लिहिलेलं नव्हतं. तो मनानं सांगे आणि पुढच्या वेळी तोच रंग तिथेच सांगे, कारण चुकला की आई पकडत.

पुढे जपानमध्ये टीव्ही आला, तिथले स्टुडिओ बसले, आणि दिग्दर्शकांना काम मिळेनासं झालं. शेवटी त्यांनी एक रंगीत सिनेमा केला, पूल झाल्यावर बंद पडणाऱ्या होडीचा. तो फारसा कोणी पाहिला नाही. नंतरची वर्षं घरी बसून, आजारपणात गेली. हे सांगताना माझ्या नवऱ्याचा आवाज थोडा खाली येई, मग तो म्हणे, "चला, दिवे बंद करा."

तो स्वतः दोन दिवसांत गेला. छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यात नेलं, आणि तिथून परत आणलं ते आणायचं म्हणून. दहाव्याला आम्ही गोदेवर होतो. लहानपणापासून मी तो घाट पाहिलेला. वडील संध्याकाळी घरी येऊन पाय धुताना आज दोन होते, आज चार होते एवढंच सांगत, आणि माझी आई ताट वाढायला घेई. मला वाटे मला या सगळ्याची सवय आहे. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पिंडापाशी बसले होते आणि मी मागे आईंचा दंड धरून उभी होते. त्यांचा दंड इतका बारीक झाला आहे हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर वर्षभर आम्ही दोघीच होतो. घरात बोलणं कमी झालं. सकाळी त्यांची औषधं, आंघोळीचं पाणी, गुडघ्यांना तेल. माझे गुडघेही आता काही चांगले नाहीत. रात्री त्या उठल्या की मला जाग यायची. रविवारी दुपारी आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत बसायचो, टीव्ही बंद. त्या मटार सोलत किंवा डोळे मिटून पडत. मी पुस्तक उघडून त्याच पानावर असे. सिनेमा लावू का, असं मी एकदाही विचारलं नाही आणि त्यांनीही म्हटलं नाही.

भाऊजी नांदगावला असतात. बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे, मागेच घर, अंगण आहे, सुना-नातवंडं आहेत. भला माणूस. दर महिन्याला यायचे, येताना काही ना काही आणायचे. दहाव्यानंतरच त्यांनी मला सांगितलं होतं, "वहिनी, वर्ष होईपर्यंत आईला हलवायला नको. वर्षश्राद्ध झालं की मी घेऊन जातो. तुम्ही तरी एकट्यानं किती करणार?"

मी बरं म्हटलं.

मला आई जायला नको होत्या. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, भाऊजींना नाही, आईंना तर नाहीच. कशाच्या जोरावर सांगणार? दुसरा मुलगा धडधाकट असताना म्हातारीला मूलबाळ नसलेल्या थोरल्या सुनेनं ठेवून घ्यायचं, हे आमच्यात दिसायलाही बरं नाही. त्यांना तिथे अंगण मिळणार होतं, चार माणसं मिळणार होती. इथे होते मी आणि चौथा मजला. आणि खरं सांगायचं तर काही सकाळी, पाठ धरलेली असताना, वाटायचं की जाऊ देत, मला झोपायचं आहे. ते वाटून गेलं की आतल्या खोलीतून त्यांच्या बांगड्या वाजायच्या, आणि या बांगड्या उद्या इथे नसतील असं मनात आलं की हातातलं काम थांबायचं. आई काही बोलत नव्हत्या. मला वाटलं, त्यांना जायचंच असेल.

वर्षश्राद्ध झालं. भाऊजी पुढच्या सोमवारी गाडी घेऊन येणार असं ठरलं. शनिवारी मी आईंची बॅग भरली. लुगडी, स्वेटर, शाल, देवाचं छोटं डबडं. त्या दिवाणावर बसून बघत होत्या. रविवारी जेवण झालं, मी ओटा पुसला, बाहेर आले, तर त्यांनी स्वतः खिडकीचे पडदे ओढले होते.

"रंगाचा लाव," त्या म्हणाल्या.

"आई, मला त्याच्यासारखं वाचता येणार नाही."

"एवढी पुस्तकं सांभाळली जन्मभर. वाचता येत नाय?"

मी सिनेमा लावला आणि त्याच्या खुर्चीत बसले. माझा आवाज मला परका लागत होता. एक ओळ वाचून तिचं मराठी करेपर्यंत दुसरी निघून जायची. तो हे इतक्या सहज कसं करायचा कोणास ठाऊक. मी पात्रांची नावं घेऊ लागले तर आईंनी थांबवलं.

"नावं नको घेऊ. सून म्हण तिला."

"सून नाहीये ती, आई. कामाला आलेली बाई आहे. निदान इथे तरी नातं लिहिलेलं नाही."

"असं?" त्या थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. "सुनेसारखीच वागती. चल, पुढं वाच."

पहिलं कापड बांबूवर चढलं. त्या माझ्याकडे बघू लागल्या. मला कळलं काय हवंय ते, पण मला रंग आठवेना. "निळा," त्यांनीच सांगितलं. त्यानंतर सगळे रंग त्याच सांगत गेल्या आणि मी बोलणं वाचत गेले. मध्ये मुका येऊन गेला, नदीतून लाकडं ओढणारा. आई हसल्या. वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

शेवटाकडे म्हातारीचा भाऊ तिला न्यायला येतो. कारखाना आता चालत नाही. सामान बाहेर गाडीत चढतंय, आणि या दोघी ओसरीच्या दोन टोकांना बसून आहेत, मधे चहाची किटली. हा प्रसंग मी घरात फार वेळा पाहिलेला नव्हता. सिनेमा तिथवर आला की चहाची वेळ झालेली असे आणि मी स्वयंपाकघरात आधण ठेवायला जात असे. आज मी उठले नाही. दोघी बराच वेळ नदीकडे बघतात. मग धाकटी एक वाक्य बोलते.

"पाणी गार व्हायला लागलं," मी वाचलं.

"हे नाय," आई म्हणाल्या.

"काय?"

"हे नाय म्हणत ती. इथं सून म्हणती, जाऊ नका. म्हणती, तुम्ही गेल्यावर मी या एवढ्या घरात काय करू? मग म्हातारी म्हणती, येडी का? मी काय कायमची चालले? चार दिवस राहून येते."

मी सिनेमा थांबवला. मागे नेऊन ती ओळ पुन्हा लावली. पाणी गार व्हायला लागलं. त्यावर म्हातारी म्हणते, हो, हातांना तेल लावत जा. मग ती उठते आणि जाते. मी ते शब्दाला शब्द लावून आईंना सांगितलं. माझ्या मनात आलं ते आमच्या मंडळातलं त्याचं बोलणं, हात हलवून ओळी खोडून दाखवणं. बाहेर ज्या खोडण्याचं कौतुक करायचा, त्या ओळी घरी येऊन तो परत भरत होता. आणि मी पलीकडे चहा गाळत होते.

"तो मनानं सांगायचा, आई," मी म्हटलं. "ती परत येत नाही. कारखाना बंद होतो आणि सिनेमा संपतो."

"ते मला काय दिसत नव्हतं?" आई म्हणाल्या. "चुलीतली राख काढून भरली तिनं. चार दिवसांसाठी गावाला जाताना कोण राख काढतं?"

"मग त्याला कधी बोलला नाहीत?"

त्यांनी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"मी नवी आले तव्हा रोज म्हणायची, मला पिंपळगावला सोडून ये. तुला आठवत असंल. हा काय बोलायचा नाय. पेपर वाचत बसायचा. लहानपणापास्नं तसाच, हवं ते मागणार नाय, ताट सरकवून उठून जाईल. मग एका रविवारी हा सिनेमा लावला. इथं आला आणि म्हणाला, जाऊ नका. पडद्याकडं बघत म्हणाला. पण आवाज कसा झाला व्हता त्याचा. दुसऱ्या वेळी लावला तव्हा पण तसंच. मी म्हटलं, असू दे. राहते."

मला तो महिना आठवला. आईंनी अचानक पिंपळगावचं नाव काढणं बंद केलं होतं. आम्ही दोघांनी आपसात म्हटलं होतं, रुळल्या वाटतं.

पडद्यावर दोघी बायका तशाच गोठून बसल्या होत्या. खाली ती ओळ. आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "तू जसं लिहिलंय तसं वाचती. लय नीट वाचती तू."

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता का, मला अजून सांगता येणार नाही. मी रिमोट खाली ठेवला. मला एवढंच कळत होतं की हे वाक्य आता झालं नाही तर उद्या गाडी येईल, मी बॅग खाली पोचवीन, प्रवासात पाण्याची बाटली हाताशी ठेवा म्हणेन, आणि वर येऊन दार लावीन.

"आई, नांदगावला जाऊ नका," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली. "हे पडद्यावर लिहिलंय का?"

"नाही. मी म्हणतेय."

खालच्या मजल्यावर कोणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली. मग त्यांनी पाय खाली सोडले, चपला चाचपल्या.

"मला कोणी विचारलंच नाय," त्या म्हणाल्या. "त्यानं तुला सांगितलं, तू त्याला बरं म्हटलं. बॅग भरली. मी म्हटलं, हिला नको झालं असंल. म्हातारं माणूस जड होतंच."

"जड होतंय," मी म्हटलं. खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "तरी."

"चहा टाक," त्या म्हणाल्या. "पुढचं राहू दे आज."

सोमवारी सकाळी त्यांनी मला भाऊजींना फोन लावायला सांगितला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर ठेवावा लागतो.

"निघतोय आई, अर्ध्या तासात," भाऊजी म्हणाले.

"निघू नको. मी इथंच राहते."

"म्हणजे? अगं, वहिनींना किती त्रास. त्यांच्या तब्येतीचं तरी बघ."

"तिनंच सांगितलं राहा म्हणून."

तिकडून दुकानाचा आवाज येत होता. कोणीतरी खताच्या गोणीचा भाव विचारत होतं. मग भाऊजींनी विचारलं, "वहिनी, तुम्ही आहात का तिथं?"

"आहे."

"तुम्ही आधी का नाही बोललात? मला वाटलं, मी नेतो म्हटल्यानं तुम्हाला सुटल्यासारखं झालं. इकडे खोलीला रंग दिला मी. संडास इंग्लिश करून घेतला."

"मला वाटलं, आईंना तिकडे यायचं असेल."

"तुम्ही दोघं नवराबायको सारखेच," ते म्हणाले. रागावले नव्हते, दमल्यासारखा आवाज होता, माझ्यासारखाच. "दादा पण असाच. सगळं दुसऱ्यानं ओळखायचं."

"मी उन्हाळ्यात येते महिनाभर," आई मधेच म्हणाल्या. "आखाजीला. खोली ठेव तशीच. आणि ऐक, तुझी नात वापरत असंल ती खोली तर वापरू दे, मी काय सगळी अडवणार नाय."

"सूनबाईंनी पुरणाचं टाकलंय आज तुझ्यासाठी."

"मग घेऊन ये इकडं. सगळी या. निघतच व्हता ना?"

भाऊजी हसले की उसासा टाकला, नीट कळलं नाही. दुपारपर्यंत येतो म्हणाले.

आई न्हाणीघरात गेल्या आणि मी बॅग उघडली. लुगडी कपाटात लावली, शाल पायथ्याशी ठेवली, देव परत कोनाड्यात बसवले. काम करताना मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पाठ दुखत होती. आजपासून पुढे किती सकाळी असंच उठायचं आहे हे दिसत होतं, आणि माझं काही झालं तर आईंचं काय, हेही. तरी हात थांबले नाहीत. बॅगेच्या कप्प्यात औषधांची पिशवी होती. पुढची औषधं नांदगावलाच घेतील म्हणून मी नवीन आणली नव्हती. रक्तदाबाच्या गोळीची पट्टी तर रिकामीच होती. न्हाणीघराच्या दाराशी जाऊन मी त्यांना सांगितलं की खाली जाऊन येते, आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जिना उतरले.